एकशे अकरा टक्के ॲस्पिरिन

सांगलीतल्या एका महाविद्यालयातली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची ऑरगॅनिकची बॅच. वीस मुलं, ऑगस्टमधली पावसाळी दुपार, प्रयोग ॲस्पिरिनचा. एकोणीस जर्नलांत यील्ड, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या पदार्थापैकी हाती आलेला वाटा, ७८ ते ८८ टक्क्यांच्या मधे कुठेतरी बसलं होतं. विसाव्या जर्नलात १११.५ टक्के लिहिलं होतं, पेनाने, खाडाखोड न करता.

बॅच माझ्याकडे होती. १११.५ कसं आलं हे ऑरगॅनिकचा कुणीही माणूस ऐकताक्षणी सांगेल, त्यात लिहून ठेवण्यासारखं काही नाही. लिहावंसं वाटलं ते त्या एका आकड्याचा माग काढताना उरलेल्या एकोणीस आकड्यांचं काय झालं म्हणून.

प्रयोग नेहमीचाच. कोरड्या कोनिकल फ्लास्कमध्ये २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड, त्यावर ३ मिली ॲसेटिक ॲनहायड्राइड, कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिडचे दोन-तीन थेंब. वॉटर बाथवर ५० ते ६० अंशांना पंधरा मिनिटं. मग गार करून पाणी घालायचं, फ्लास्क बर्फात ठेवायचा, पांढरे स्फटिक खाली बसले की बुखनर फनेलवर गाळायचे, गार पाण्याने धुवायचे, वाळवायचे आणि वजन करायचं. सॅलिसिलिक ॲसिडचा रेणुभार १३८, ॲस्पिरिनचा १८०. म्हणजे २ ग्रॅममधला कण न् कण बदलला तरी ॲस्पिरिन २.६१ ग्रॅमच्या वर मिळू शकत नाही. तिच्या वॉच ग्लासवर २.९१ ग्रॅम भरलं.

मुलगी पलूसकडची, किर्लोस्करवाडीहून रेल्वेने ये-जा करणारी. संध्याकाळची पॅसेंजर चुकली की पुढचं सगळं एसटीच्या भरवशावर. शेजारच्या मैत्रिणीने तिला सरळ रस्ता दाखवला, "अगं, २.२ लिही की. चौऱ्याऐंशी टक्के येतंय. कुणाला कळतंय?" ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, एकशे अकरा आलंय. काय करू?" मी म्हटलं, जे आलं ते लिही, शेजारी वेळ टाक आणि कंसात 'ओलं' असं लिही. तिने तसं केलं आणि गाडी गाठली.

ओलं का राहिलं, तर आमच्या लॅबमध्ये सक्शनसाठी नळाच्या पाण्यावर चालणारे ॲस्पिरेटर आहेत. चार तासांच्या प्रॅक्टिकलच्या शेवटी वीस जण एकदम गाळायला येतात, नळ सगळे चालू, आणि गच्चीवरची टाकी तोवर निम्मी झालेली. दाब पडतो. फनेलवरचा थर वरून कोरडा दिसतो, आत पाणी तसंच. त्यात पावसाळी हवा. त्या दिवशी कुणाचंही ॲस्पिरिन वाळलेलं असणं शक्यच नव्हतं. ही गोष्ट मला त्याच संध्याकाळी खटकायला सुरुवात झाली. वीस जणांनी त्याच ॲस्पिरेटरांवर, त्याच पडलेल्या दाबाखाली गाळलं, तर ओलं फक्त एकीचंच कसं?

वाळल्यावर

पुढच्या प्रॅक्टिकलपर्यंत तिची पुडी डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, होती. पुन्हा वजन केलं, २.१९ ग्रॅम. तासाभराने परत केलं, तेवढंच. म्हणजे ८३.९ टक्के. मैत्रिणीने सुचवलेल्या आकड्याला अगदी खेटून.

साधारण इथे सगळे थांबतात. आकडा पुस्तकी वाटला की पुढे कुणी विचारत नाही, आणि ज्याने तो मनाने लिहिला होता त्याला वाटतं, बघा, शेवटी तेच आलं ना. पण २.१९ ग्रॅम कशाचे, हे अजून कुणी तपासलंच नव्हतं. वजनकाट्याला ॲस्पिरिन ओळखता येत नाही.

तिने कॅपिलरी, म्हणजे काचेची केसासारखी बारीक नळी, भरली आणि थील ट्यूबमध्ये, म्हणजे तापवलेल्या तेलाच्या नळीत, मेल्टिंग पॉइंट घेतला. ११५ अंशांना पदार्थ घामेजल्यासारखा दिसायला लागला, ११८ ला वितळायला सुरुवात झाली आणि १२७ ला सगळं पाणी झालं. जर्नलात छापील तक्त्यातला आकडा १३५. मग चिमूटभर पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला. गडद जांभळा.

हा जांभळा रंग काय सांगतो ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सॅलिसिलिक ॲसिडमध्ये बेंझिनच्या कड्याला थेट जोडलेला ओएच गट असतो, फेनॉलचा. फेरिक क्लोराइडमधल्या लोखंडाशी त्याची गाठ पडली की जांभळा रंग येतो. ॲस्पिरिन बनवताना आपण नेमका तोच गट ॲसेटिल लावून झाकतो. त्यामुळे चांगल्या ॲस्पिरिनला रंग येत नाही, फार तर फिकट गुलाबी झाक. गडद जांभळा म्हणजे मूळ सॅलिसिलिक शिल्लक आहे, आणि बऱ्यापैकी शिल्लक आहे. मेल्टिंग पॉइंटही तेच सांगत होता: एकात दुसरा पदार्थ मिसळला की वितळणं लवकर सुरू होतं आणि लांबतं. सॅलिसिलिक ॲसिड एकटं १५९ ला वितळतं, तरी ॲस्पिरिनमध्ये मिसळल्यावर मिश्रण दोघांपेक्षाही खाली उतरतं. हे मुलांना थिअरीत पाठ असतं. कॅपिलरीत दिसलं की मात्र ती थर्मामीटरला दोष देतात.

संशयित

थर्मामीटरपासूनच सुरुवात केली. बेंझोइक ॲसिड १२२ ला वितळतं; तेच थर्मामीटर वापरून घेतलं तर १२१.५. थर्मामीटर सुटला.

तापवण्याचा वेग हा दुसरा मुद्दा, आणि ॲस्पिरिनच्या बाबतीत तो खरा आहे. ॲस्पिरिन वितळता वितळता विघटित होतं. हळूहळू तापवलं तर वितळायच्या आधीच थोडं फुटतं आणि आकडा खाली घसरतो. ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, ॲस्पिरिनचा वितळणांक सुमारे १४३ दिलेला आहे, कारण तिथली पद्धत झटपट वितळवण्याची आहे. म्हणजे तक्त्यातला १३५ हा काही दगडावरची रेघ नाही, तो पद्धतीबरोबर हलतो. तिने बाथ आधी ११० पर्यंत नेला, मग कॅपिलरी लावली आणि मिनिटाला दोन अंश या बेताने तापवलं. ११९ ते १२८. एक-दोन अंशांचा फरक, बस. आणि वेग कसाही असला तरी जांभळ्या रंगाचा उलगडा त्याने होत नव्हताच.

राहिलं पाणी. ॲसेटिक ॲनहायड्राइडचा वैरी पाणीच. पाणी लागलं की त्याचं ॲसेटिक ॲसिड होतं आणि ते इथे निरुपयोगी. हिशेब मुद्दाम मांडायला लावला. रेणूंची संख्या मोजायचं एकक मोल, त्याचा हजारावा भाग मिलिमोल. ३ मिली ॲनहायड्राइड म्हणजे सुमारे ३२ मिलिमोल. २ ग्रॅम सॅलिसिलिकला लागतं साडेचौदा. दुपटीहून जास्त दिसतं, निर्धास्त वाटतं. पण १ मिली पाणी म्हणजे ५५ मिलिमोल! नुकत्याच विसळलेल्या फ्लास्कच्या तळाशी अर्धा मिली पाणी सहज राहतं, आणि तेवढं पाणी जवळजवळ सगळं ॲनहायड्राइड गिळू शकतं. 'कोरडा फ्लास्क घ्या' हे वाक्य मुलं जर्नलात वर्षानुवर्षं उतरवतात. हा हिशेब मांडेपर्यंत ते त्यांच्यासाठी शिष्टाचारासारखं असतं.

तिचं म्हणणं होतं की तिचा फ्लास्क ओव्हनमधून काढलेला होता. लॅबमधल्या मामांनीही दुजोरा दिला, "तिनं माझ्याकडनंच घेतलाय, गरम होता." मग नजर बाटलीकडे गेली.

ॲसेटिक ॲनहायड्राइड आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायद्याखालचं नियंत्रित रसायन आहे, कारण मॉर्फिनपासून हेरॉइन बनवताना तेच लागतं. आमच्या लॅबमध्ये ते कुलपात असतं आणि किती काढलं याची वहीत नोंद होते. ते योग्यच आहे. पण याचा एक अनपेक्षित परिणाम होतो: नवी बाटली मागवणं किचकट, म्हणून जुनी तळ गाठेपर्यंत वापरली जाते. ही बाटली गेल्या वर्षीची होती. प्रत्येक बॅचला बूच उघडं राहून वीस-वीस पिपेट तिच्यात बुडालेल्या, त्यात दोन पावसाळे गेलेले.

तपासायला काही यंत्र लागत नाही. परीक्षानळीत गार पाणी घ्या, त्यात ॲनहायड्राइडचा थेंब सोडा. चांगलं ॲनहायड्राइड पाण्याहून जड असतं आणि लगेच मिसळत नाही. तेलकट थेंब तळाला जाऊन बसतो, मग हळूहळू विरतो. ॲसेटिक ॲसिड पडताक्षणी मिसळून जातं. आमच्या बाटलीतला थेंब पाण्यात शिरता शिरताच निम्माशिम्मा नाहीसा झाला. वास तर आधीपासून व्हिनेगरचाच होता, पण त्या लॅबमध्ये कशाला व्हिनेगरचा वास नाही?

पुड्यांचा डबा

आता हे उघड आहे की बाटली एकच होती. वीस जणांनी तिच्यातूनच घेतलं.

प्रयोग झाल्यावर मुलं पदार्थ बटर पेपरच्या पुडीत घालून, वर रोल नंबर टाकून जमा करतात. त्या पुड्या एका डब्यात कपाटात पडून असतात आणि वर्षाअखेर फेकल्या जातात. माझ्या माहितीत त्या कुणी कधी उघडल्या नव्हत्या. मामांनी डबा काढून दिला. वीस परीक्षानळ्या लावल्या, प्रत्येकीत पुडीतली चिमूट, थोडं अल्कोहोल, फेरिक क्लोराइडचा एक थेंब. ती मुलगी आणि मी, दोघींनी मिळून केलं.

वीसच्या वीस जांभळ्या. काही गडद, काही जरा कमी, पण रंगाविना एकही नाही.

एकोणीस जर्नलांत लिहिलं होतं: फेरिक क्लोराइड चाचणी, रंग येत नाही. मेल्टिंग पॉइंट, १३५ अंश. तोही एकच आकडा, 'इथपासून तिथपर्यंत' असं नाही, जणू सगळा पदार्थ एका क्षणात वितळला. पुड्यांची वजनं मी केली नाहीत. त्याची गरज उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर सगळ्या बॅचला खोटं ठरवण्यात मला रस नव्हता. ही मुलं खोटारडी नाहीत. सीनियरचं सही झालेलं जर्नल त्यांच्या हातात असतं, त्यात १३५ असतं, त्यावर दहापैकी नऊ मार्क असतात. मार्क ज्या आकड्याला मिळतात तो आकडा मुलं आणून देतात.

त्यातल्या एकाने मला नंतर जे सांगितलं ते जास्त बोचरं होतं. त्याने फेरिक क्लोराइडची चाचणी केली होती, जांभळा रंग पाहिला होता. "मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं," तो म्हणाला, "म्हणून 'रंग नाही' लिहिलं." वीस जणांपैकी आणखी किती जणांनी तो रंग पाहिला असेल? पाच जणांनी जरी खरं लिहिलं असतं, तरी बाटली त्याच दुपारी पकडली गेली असती.

तीन फ्लास्क

बाटलीवर आरोप ठेवायचा तर एवढ्यावर भागणार नव्हतं. कार्यालयात नव्या बाटलीची मागणी करायची होती आणि त्यासाठी कागदावर काहीतरी हवं होतं. तीन फ्लास्क लावले. पहिल्यात कोरडा फ्लास्क आणि जुनी बाटली. दुसऱ्यात कोरडा फ्लास्क आणि नवं ॲनहायड्राइड, शेजारच्या महाविद्यालयातून नोंद करून थोडं आणलेलं. तिसऱ्यात नवं ॲनहायड्राइड, पण फ्लास्क मुद्दाम विसळून, न पुसता. पहिला गडद जांभळा, दुसरा फिकट गुलाबी, तिसरा पुन्हा जांभळा. म्हणजे बाटली दोषी, आणि पाणी कुठूनही आलं तरी परिणाम तोच. यातला तिसरा फ्लास्क मुलीने सुचवलेला. मी दोनच लावणार होते.

दरम्यान तिने हातातल्या पदार्थाचं शुद्धीकरण सुरू केलं होतं. यातून निघालेली गोष्ट मला सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगाची वाटते. तिच्याजवळच्या सीनियरच्या जर्नलात लिहिलं होतं, 'रिक्रिस्टलायझेशन: उकळत्या पाण्यातून', म्हणजे पदार्थ विरघळवून पुन्हा स्फटिक पाडायचे. तिने अर्धा पदार्थ तसा केला. विरघळेना म्हणून आणखी पाणी घातलं, आणखी उकळलं. सुंदर सुया आल्या, चकचकीत, पहिल्यापेक्षा कितीतरी देखण्या. फेरिक क्लोराइड टाकलं तर रंग पहिल्यापेक्षा गडद!

उकळत्या पाण्यात ॲस्पिरिन फुटतं. जो ॲसेटिल गट लावायला आपण पंधरा मिनिटं बाथजवळ उभे होतो, तो पाणी काढून नेतं, आणि परत सॅलिसिलिक ॲसिड हाती येतं. बाटलीने आधीच बिघडवलेलं, ते शुद्ध करण्याच्या नादात आणखी बिघडलं. देखणे स्फटिक म्हणजे शुद्ध पदार्थ, हा समज यात पार निकालात निघाला. (घरातल्या औषधांच्या डब्यातली जुनी ॲस्पिरिनची गोळी कधी हुंगून पाहा. दमट हवेत तेच हळूहळू घडत असतं, आणि वास व्हिनेगरचा येतो.)

उरलेला अर्धा पदार्थ तिने थोड्या कोमट अल्कोहोलमध्ये विरघळवला, त्यात अडीच-तीनपट कोमट पाणी ओतलं, गढूळ झालं ते जेमतेम निवळेपर्यंत ऊब दिली आणि झाकून ठेवलं. उकळी कुठेच नाही. या सुया १३२ ते १३४ ला वितळल्या. फेरिक क्लोराइडला गुलाबी झाक, तीही शोधावी लागली.

१८५३ साली शार्ल गेरहार्टने हा पदार्थ पहिल्यांदा बनवला तेव्हा त्याच्या हाती आलेला मालही अशुद्धच होता. औषध म्हणून देता येईल असं शुद्ध, टिकाऊ ॲस्पिरिन बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार व्हायला १८९७ उजाडलं. आपण तो प्रवास चार तासांत उरकतो, एका ॲस्पिरेटरवर पाच जण, आणि वर ८५ टक्क्यांची अपेक्षा ठेवतो.

किती सॅलिसिलिक?

जांभळा रंग 'आहे' एवढंच सांगतो. 'किती' हे तिला हवं होतं, आणि बी.एस्सी.च्या लॅबमध्ये त्याची सोय आहे. दोन वाटांनी केलं.

पहिली वाट ब्युरेटची, म्हणजे खुणांच्या नळीतून सोडा थेंबाथेंबाने सोडून किती लागला ते मोजायचं. दोन्ही ॲसिडं कॉस्टिक सोड्याशी एकास एक अशीच लागतात, पण सॅलिसिलिकचा रेणू हलका, म्हणून तेवढ्याच वजनात ते जास्त सोडा खातं. अर्धा ग्रॅम शुद्ध ॲस्पिरिनला ०.१ नॉर्मल सोडा २७.७५ मिली लागेल, अर्धा ग्रॅम शुद्ध सॅलिसिलिकला ३६.२० मिली. तिच्या वाळलेल्या क्रूडच्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या पदार्थाच्या, अर्ध्या ग्रॅमला लागला २८.९५. गार अल्कोहोलमध्ये, भराभर, कारण सोडाही ॲस्पिरिन फोडतो आणि रेंगाळलं की सोडा पुरा झाल्याची खूण असलेला गुलाबी रंग पुन्हा उडत राहतो. हिशेब केला तर सॅलिसिलिक १४ टक्के.

दुसरी वाट फिजिकलच्या लॅबमधल्या कलरीमीटरची, म्हणजे द्रावणाच्या रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्राची. सॅलिसिलिक ॲसिडचे माहीत असलेल्या तीव्रतेचे द्रावण, प्रत्येकात फेरिक क्लोराइड, हिरवा फिल्टर, आलेख. तिचं द्रावण त्या रेषेवर बसवलं तर ११ टक्के.

१४ की ११? बॅचमधल्या दोघांनी सरासरी काढून साडेबारा लिहा असं सुचवलं. हा मोह फार जुना आहे. पण दोन पद्धती वेगवेगळं मोजतात, तेव्हा फरकालाच काही म्हणायचं असतं. ब्युरेट सगळी ॲसिडं मोजतं, त्यात धुण्यातून राहिलेलं ॲसेटिक ॲसिडही आलं. कलरीमीटरला फक्त जांभळा रंग दिसतो, ॲसेटिक ॲसिड त्याच्या खिजगणतीत नाही. ११ टक्के खरे धरले तर ब्युरेटवरचा जादा ०.२७ मिली सोडा अर्धा टक्का ॲसेटिक ॲसिडने भरून निघतो. पुडी हुंगली तर वास येतच होता. तिने उरलेला पदार्थ बर्फाच्या पाण्याने पुन्हा धुतला, वाळवला आणि ब्युरेट लावलं. आकडा कलरीमीटरच्या जवळ सरकला.

म्हणजे २.१९ ग्रॅममध्ये खरं ॲस्पिरिन जेमतेम १.९४ ग्रॅम. खरं यील्ड ७४ टक्के. त्या दुपारी तिने मैत्रिणीचं ऐकून ८४ लिहिलं असतं तर ते चूक ठरलं असतं. वाळवून, प्रामाणिकपणे वजन करून ८३.९ लिहिलं तेही पुरतं खरं नव्हतं. १११.५ हा एकच आकडा असा होता की ज्याच्याकडे पाहून कुणी समाधानाने वही मिटू शकत नव्हतं.

स्टाफरूममध्ये

हे सगळं विभागात मांडलं तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतलेली हरकत मला आजही बिनतोड वाटते. ते म्हणाले, "वीस पोरं, एक चांगला काटा, चार तास. तुम्ही त्या एकीला चार आठवडे दिलेत. बाकीच्यांना देणार का? आणि विद्यापीठाच्या परीक्षेत एक्स्टर्नल, बाहेरचा परीक्षक, यील्डला मार्क देतो, ते काय करणार?"

खरं आहे. परीक्षेत पदार्थ वाळवायला वेळच नसतो. मूल ओल्या वजनात अंदाजे कपात करून आकडा देतं, एक्स्टर्नललाही ते माहीत असतं, तो ९५ च्या वरचे आणि ५० च्या खालचे आकडे पाहून भुवया उंचावतो आणि मधल्यांवर सही करतो. ही पद्धत आमच्या विभागाच्या हातात नाही. दुसरे एक सहकारी म्हणाले की वर्षभर खरं लिहायची सवय लावून परीक्षेत मुलांना उघडं पाडू नका. यावर माझ्याकडे उत्तर होतं ते अर्धंच: यातली निम्मी मुलं दोन वर्षांत कुरकुंभ, लोटे, महाड इथल्या कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये उभी राहणार. तिथे आकडा त्याच क्षणी, पेनाने लिहायचा असतो. चुकला तर एक रेघ, सही, तारीख. नको असलेला निकाल गाळून टाकणं हा तिथे नोकरी घालवणारा गुन्हा आहे. तीन वर्षं १३५ उतरवलेल्या हाताला हे पहिल्या दिवशी कसं जमावं?

सहकाऱ्यांचं वेळेचं म्हणणं मात्र मी खोडू शकले नाही. म्हणून जे बदल झाले ते छोटे. जर्नलमध्ये आता वजनाचे दोन रकाने आहेत, ओलं आणि वाळल्यावर, आणि ओल्या वजनाशेजारी त्याच दुपारी माझी किंवा मामांची सही. अंतर्गत मार्क यील्डला नाहीत. मेल्टिंग पॉइंट एकाच आकड्यात लिहिला तर जर्नल परत. ॲनहायड्राइड छोट्या बाटल्यांत मागवतो, लेबलवर उघडल्याची तारीख असते आणि प्रत्येक बॅचआधी पाण्यात एक थेंब सोडून पाहिलं जातं. पुड्यांच्या डब्यातल्या कुठल्याही तीन पुड्या दर वेळी तपासल्या जातात. कुठल्या, ते आधी सांगत नाही. उकळत्या पाण्यातून रिक्रिस्टलायझेशन मुद्दाम ठेवलंय, निम्म्या बॅचला तसं आणि निम्म्या बॅचला अल्कोहोल-पाण्यातून, म्हणजे दोन्ही परीक्षानळ्या शेजारी धरून पाहता येतात.

आणि एक प्रयोग नवा घेतला. सीनियरचं जर्नल ज्यात कुचकामी ठरेल असा काहीतरी हवा होता, आणि सांगलीत त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. हळदीतलं करक्युमिन मोजायचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे होतात, आणि बॅचमधल्या निम्म्या मुलांच्या घरी हळद रानातली असते. प्रत्येकाने आपल्या घरची पूड आणायची. करक्युमिन आणि त्याचे भाऊबंद मिळून हळदीत साधारण २ ते ५ टक्के भरतात, पण कुणाच्या पुडीत किती, हे कुठल्याच जुन्या वहीत लिहिलेलं नाही. पूड अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची, पातळ करायची आणि निळा फिल्टर लावून कलरीमीटरवर वाचायचं.

पहिल्याच वेळी दोन मुली एकाच घरची हळद घेऊन आल्या, चुलत बहिणी. एकीला २.९ टक्के आले, दुसरीला ३.६. दोघी अर्धा तास भांडल्या. मग एकमेकींच्या वह्या ओळीने ताडून पाहिल्या. एकीने पूड अल्कोहोलमध्ये अर्धा तास ठेवली होती, दुसरीने जेवणाच्या सुट्टीसकट दोन तास. पद्धत मुलांनीच मिळून लिहिली होती आणि तीत भिजवण्याची वेळच नव्हती. आता आहे: दोन तास, अधूनमधून हलवून.